चौदा इंच पोपटी रिबीन

"वहिनी, तुझी ती वही दे."

पाडव्याचा दिवस. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी जेमतेम पाटावर टेकले होते. सकाळपासून फराळाची चार ताटं आली होती, पाच गेली होती. दारात आमच्या शकूवन्सं उभ्या. डोळे लाल, वेणी कालचीच.

"कुठली वही? दुधाची की धोब्याची?"

"ब्लाऊजपीसची."

तोंडाशी नेलेली चकली मी खाली ठेवली. या वहीची घरात सगळ्यात जास्त टिंगल कुणी केली असेल तर याच बाईंनी. सणावारी आलेले पाहुणे पांगले की त्या मुद्दाम विचारायच्या, "काय वहिनी, झाल्या का नोंदी?" आणि आज लाल डोळ्यांनी तीच वही मागत होत्या.

वहीचं आधी सांगते. आम्ही तेव्हा एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. आमचे हे तिथे टाइम ऑफिसात होते. बहात्तर बिऱ्हाडं, चार गल्ल्या, एक गेट. अशा ठिकाणी हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही, तो घडी न मोडता पुढच्या घरी जातो. त्यात गैर काही नाही. एकच पथ्य असतं, दिलेला पीस देणारीच्याच ओटीत परत पडता कामा नये. मी एकदा ते मोडलं. चीफ इंजिनियरांच्या देशमानेबाईंनी मला दिलेला अंजिरी पीस मी वर्षाने त्यांनाच दिला. त्यांनी तो उलटा करून कोपऱ्यातला शाईचा ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, "अय्या, आली का माझी लेक माहेरी!" चाळीस बायकांसमोर. त्या दिवसापासून मी वही घातली. एका पानावर आलेलं, समोरच्या पानावर गेलेलं. कोणाकडून, कधी, कोणता रंग. माझी चूक पुन्हा झाली नाही. निदान त्या पाडव्यापर्यंत नाही.

"कशाला हवी वही?"

"देशमानेबाई त्यांच्याकडे आलेल्या वस्तू पुढे कोणाकडे पाठवतात, ते त्यात असेल ना?"

"आहे. पण वस्तू कोणती?"

वन्सं खाली बसल्या, माझी चकली उचलली, मोडली, खाल्ली नाही.

"कार्ड," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी कॉलनीला कार्डांनी वेड लावलं होतं. शकूवन्सं कारखान्याच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळेच्या वाचनालयासाठी महिला मंडळाने हाताने दिवाळीची कार्डं करून विकायची, ही कल्पना त्यांचीच. दसऱ्यापासून आमच्या माजघरात कारखाना नंबर दोन सुरू झाला. जाड हँडमेड कागद, त्यावर शकूवन्संनी रंगवलेली पणती, आणि कार्डाला मधोमध वेढा घालून दर्शनी बाजूला लाल सॅटिनच्या रिबिनीचा बो. एका बोला चौदा इंच रिबीन. डाव्या हाताच्या दोन बोटांवर वेढा, मधून एक फास, एक हलका ओढा, की दोन्ही पाकळ्या अशा फुलायच्या जशी शाळेच्या पहिल्या दिवशीची वेणी. टोकं तिरकी कापायची आणि धागे निघू नयेत म्हणून पेटत्या उदबत्तीला नुसती टेकवायची. सगळ्या बायकांनी शिकून बघितलं. देशमानेबाईंचा बो हवा गेलेल्या फुग्यासारखा दिसायचा, माझा भेंडीसारखा. शेवटी एकशेवीसच्या एकशेवीस बो वन्संनीच बांधले. बाकीच्यांनी कागद कापले आणि गप्पा मारल्या.

कार्डं हातोहात गेली. पण एक घोटाळा झाला. आत शुभेच्छा लिहायच्या तर बो सोडावा लागणार, आणि एकदा सोडलेला बो शकू सामंतशिवाय कुणाला बांधता येणार नाही, हे कॉलनीला पक्कं माहीत. देशमानेबाईंनी तोड काढली. कार्डात काही लिहिलंच नाही. एका चिठ्ठीवर 'सौ. देशमाने' लिहून ती बोच्या फासाखाली खोचली. ज्यांना ते कार्ड मिळालं त्यांनी चिठ्ठी काढली, स्वतःची खोचली, आणि कार्ड पुढे. दोन दिवसांत एकशेवीस कार्डांचे एकशेवीस ब्लाऊजपीस झाले.

वन्सं कपाळाला हात लावायच्या. "अगं, कार्ड उघडून वाचायचं असतं!"

"वाचायला आत काय आहे?" मी म्हणायचे. खूश होऊन मी वहीत कार्डांचा नवा रकाना पाडला होता.

"हं," मी म्हटलं. "कार्ड. मग?"

"पोपटी रिबिनीचं."

मला आठवलं. एकच होतं तसं. शेवटच्या दिवशी वन्संनी कपाटातून स्वतःची जुनी पोपटी रिबीन काढली होती आणि माझ्याकडे पाठ करून एक बो बांधला होता. मी विचारलं होतं, हे कुणाला? तर म्हणाल्या, नमुना आहे.

"नमुना देशमानेबाईंकडे कसा गेला?"

"मी खानोलकरांच्या घरी दिलं होतं. धनत्रयोदशीला."

इथे माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. विश्राम खानोलकर म्हणजे आमच्या कारखान्याच्या लॅबमधले केमिस्ट. पस्तिशीचे, आईबरोबर राहायचे. उसाच्या रसात गोडी किती हे दिवसातून बारा वेळा मोजणारा माणूस, चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. आणि आमच्या वन्सं म्हणजे एकतीस वर्षांच्या, नऊ स्थळं नाकारलेल्या. एकाने चहा फुरकला म्हणून, एकाने 'चित्रबित्रं काढता वाटतं' असं म्हटलं म्हणून. बाकीच्या सात जणांची कारणंही माझ्याकडे आहेत, पण ती या कथेत नकोत.

"वन्सं," मी आवाज खाली आणला, "खानोलकरांना तुम्ही कार्ड का दिलंत?"

त्या चकलीचा चुरा करत राहिल्या. मग एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. नवरात्रात खानोलकर शाळेच्या विज्ञान कोपऱ्यासाठी साखरेच्या खड्यांची बरणी घेऊन आले होते. बरणी हातात धरूनच म्हणाले, मला आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात बोलावलंय, तीन वर्षांचा करार आहे. पाडव्याला चारच्या जीपने निघून मुंबईला सही करायला जायचंय. तुम्ही हो म्हणालात तर दोघांचं बोलतो, नाही म्हणालात तर एकट्याचं. तोपर्यंत कळवा. आणि बरणी टेबलावर ठेवून गेले.

"उभ्या उभ्या?"

"उभ्या उभ्या."

"आणि तुम्ही काय कळवलंत?"

"ते कार्डात आहे."

"हो की नाही?"

"वहिनी, ते कार्डात आहे!"

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. धनत्रयोदशीला त्यांनी बोखाली 'श. सामंत' अशी चिठ्ठी खोचून कार्ड खानोलकरांच्या घरी नेलं. खानोलकर ड्यूटीवर होते, आईने घेतलं. दोन दिवस उत्तराची वाट बघितली, उत्तर नाही. काल लक्ष्मीपूजनाला वन्सं देशमानेबाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या, तर शोकेसमध्ये पितळी घोड्याशेजारी ते पोपटी कार्ड! बो जसाच्या तसा, खाली चिठ्ठी 'श्रीमती खानोलकर' अशी. म्हणजे खानोलकरांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. आज सकाळी वन्सं पुन्हा काहीतरी निमित्त काढून देशमानेबाईंकडे गेल्या, तर घोडा एकटाच.

"म्हणजे तुमचं उत्तर कॉलनीभर फिरतंय."

"आणि कोणी उघडलं तर?" वन्संचा आवाज चिरकला. "आणि नाही उघडलं तर ते चार वाजता जातील, मी नाही म्हटलंय असं समजून."

"मग सरळ लॅबमध्ये जा आणि सांगा."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी विहिरीत उडी मारायला सांगतेय. "तोंडाने सांगता आलं असतं तर कार्ड कशाला केलं असतं?"

मी वही काढली. देशमानेबाईंकडून निघालेल्या दहा वस्तूंपैकी सहा ऊस विकास अधिकाऱ्यांच्या खराडेवहिनींकडे जातात असं वही सांगत होती. मी पदर खोचला.

खराडेवहिनी दर पाडव्याप्रमाणे माहेरी, शेजारच्या गावी गेल्या होत्या. घराला कुलूप. म्हणून आधी देशमानेबाईंकडे गेले, खात्री करायला. आता 'मी दिलेली वस्तू तुम्ही कोणाला दिलीत' असं कुठल्याच बाईला विचारता येत नाही. विचारलंत तर ती म्हणणार, छे, आहे की कपाटात. म्हणून मी रस्त्यातच एक थाप रचली.

"देशमानेबाई, मंडळाने ठरवलंय. ज्या घरी सगळ्यात सुंदर बो असेल त्या घराला बक्षीस. तुमच्याकडे ती पोपटी आहे म्हणे."

देशमानेबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी उजळला, मग पडला.

"अय्या! ती ना... आहे की... म्हणजे होती. खराडेवहिनींना इतकी आवडली, इतकी आवडली, की काल रात्री ताटाबरोबर... अहो पण मूळची माझ्याकडचीच धरायची ना? बक्षीस काय आहे?"

"चांदीची वाटी," मी म्हणाले. थाप मारायची तर पितळेची कशाला मारायची?

खराडेवहिनी दोनला परततील असं कळलं. मी घरी येऊन स्वयंपाकाला लागले. इकडे माझी थाप चालू लागली. देशमानेबाईंच्या मोलकरणीने ती दोन गल्ल्यांत नेली, तिथून पोरांनी उरलेल्या दोन गल्ल्यांत. दीड वाजता दाराशी पहिली बाई उभी, हातात लाल बोचं कार्ड. "इथेच ना हो नाव द्यायचं?" दोन वाजेपर्यंत आमच्या ओसरीत अकरा बायका बसल्या होत्या. देशमानेबाई सोडून प्रत्येकीच्या मांडीवर कार्ड, प्रत्येक कार्डाला बो, आणि प्रत्येकीची नजर शेजारणीच्या बोवर.

"तुमच्या बोची डावी पाकळी बसलीय हो."

"बसलेली नाही, विसावलीय. तुमच्याला उदबत्ती जास्त लागलीय, टोक बघा काळं."

"हे कार्ड माझंच आहे मुळात. मी जोशीणबाईंना दिलेलं."

"मला दिलंत ना? मग माझं."

देशमानेबाई रिकाम्या हाताने आल्या होत्या आणि मूळ मालकीचा दावा सांगत होत्या. वन्सं आतल्या दाराआड उभ्या राहून घड्याळाकडे बघत होत्या. मी सगळ्यांना चहा टाकला. यांच्यातली एक जरी बाई 'वाटी दाखवा' म्हणाली तर काय, या विचाराने माझ्या हातून साखर दुप्पट पडली.

शेवटी साडेतीन वाजून गेल्यावर खराडेवहिनी आल्या. माहेरची नवी साडी, चेहरा प्रसन्न, हात रिकामे.

मी पुढे झाले. "वहिनी, तुमच्याकडची पोपटी?"

"माझ्याकडे कुठली?" त्या हसल्या. "तुमच्याकडेच की!"

देशमानेबाईंनी कप खाली ठेवला.

"सकाळी आठ वाजता करंज्यांच्या ताटाबरोबर पाठवली ना तुम्हाला. धूळ लागू नये म्हणून खाकी लखोट्यात घातली होती, कारखान्याच्या. तुम्हीच घेतलीत दारात. लखोटा चाचपून म्हणालात, वा, कार्ड वाटतं!"

अकरा बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. दाराआडून बारावी.

मला लखोटा आठवला. खरंच चाचपला होता मी, बो बोटांना लागला होता. उघडला नव्हता. उघडायचा कशाला? आलेली वस्तू उघडली की ती आपली होते, मग ती पुढे देता येत नाही. मी नुसती खराडेवहिनींची चिठ्ठी काढून माझी 'सौ. सामंत' अशी चिकटवली होती, लखोट्यावरच. आणि पुढे?

"वही," वन्सं आतून म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

वही मी ओसरीत सगळ्यांसमोर उघडली, कारण वन्संनीच ती आणून माझ्या हातात कोंबली. आलेलं: पाडवा, सकाळी आठ, खराडे, करंज्या आणि कार्ड एक, लखोट्यात. समोरच्या पानावर, गेलेलं: पाडवा, सकाळी नऊ, चिवडा, लाडू आणि कार्ड एक, लखोट्यात. खानोलकर आजी.

माझंच अक्षर. खाली एक रेघही मारली होती, फिट्टंफाट झाल्याची. माझ्या वहीला एकच पायरी मागचं दिसायचं. खराडेंकडून आलेलं खराडेंकडे जाऊ नये, एवढीच तिची अक्कल. खराडेंच्या मागे देशमाने, देशमानेंच्या मागे खानोलकर, हे कुठल्या रकान्यात होतं?

"म्हणजे लेक पुन्हा माहेरी," देशमानेबाई म्हणाल्या. अंजिरी पीस त्या विसरल्या नव्हत्या.

पण वन्सं तोपर्यंत चपला घालून रस्त्यावर होत्या. मी त्यांच्यामागे. आणि माझ्यामागे अकरा बायका नि खराडेवहिनी, कारण वाटीचा निकाल अजून लागायचा होता.

खानोलकर आजी, म्हणजे विश्रामच्या आई, दारातच उभ्या होत्या, नुकतंच कुणाला तरी निरोप देऊन. कोकणातल्या बाई, बोलणं घरचं, मालवणी. वन्सं कुंपणापाशीच थांबल्या. मी पुढे गेले.

"आजी, सकाळी मी लखोटा दिला त्यातलं कार्ड?"

"तां?" आजींनी कमरेवर हात ठेवले. "अगो, माजाच कार्ड तां! मीच देशमानिणीक दिलेला, फिरान फिरान माज्याचकडे इला. मी म्हटलां, ह्या कॉलनीत आता ह्याका घर उराक नाय."

देशमानेबाईंनी आकाशाकडे बघितलं.

"मग कुठे आहे ते?"

"इश्रामाच्या बॅगेत घातलंय. दादराक माजी नणान आसा, तिका होईत."

"तुम्ही उघडून नाही बघितलं?"

"उघडूक?" आजी खरोखरच चकित झाल्या. "आनि मगे बांधतलो कोण, तुजो घोव?"

"विश्राम कुठे आहेत?"

"गेलो आत्ताच. जीप गेटार उबी आसा."

चाराला सात मिनिटं कमी होती. एरवी मी गेटपर्यंत कधी धावले नाही आणि त्या दिवशीही धावले नाही, भरभर चालले. अकरा बायकांमागून आजीही निघाल्या, का ते विचारायलाही न थांबता. टाइम ऑफिसच्या खिडकीत आमचे हे बसले होते. पाडव्याची नवी पैठणी... छे, पैठणी कुठली, इरकल नेसलेली आपली बायको एक अख्खी वरात घेऊन गेटाकडे येतेय हे बघून ते उभे राहिले आणि सवयीने घड्याळाकडे बघितलं.

जीप चालू होती. खानोलकर पुढच्या सीटवर, बॅग मांडीवर, चेहरा नापास झालेल्या मुलासारखा. वन्सं वीस पावलांवर कडुनिंबाखाली थांबल्या आणि झाडाच्या सालीचं बारकाईने निरीक्षण करू लागल्या.

"खानोलकर, बॅग उघडा."

"काय झालं वहिनी? आई बरी आहे ना?" आई मागेच उभी होती.

"खाकी लखोटा आहे त्यात. काढा. त्यातलं कार्ड काढा."

त्यांनी काढलं. पोपटी बो चार घरं फिरूनही तसाच फुललेला. त्यांनी तो पाहिला, मग कडुनिंबाकडे पाहिलं. "हे आत्यासाठी आहे. आईने..."

"तुमच्यासाठी आहे. धनत्रयोदशीपासून. सोडा ती रिबीन."

माणसाला सगळं समजलं असावं, कारण कान लाल झाले. त्यांनी रिबिनीचं एक टोक चिमटीत धरलं. आणि थांबले.

"सोडला तर असा परत बांधता येणार नाही."

"नाहीच येणार!" देशमानेबाई पुढे सरसावल्या. "सोडू नका हो, चांदीची वाटी आहे त्याला!"

"खानोलकर," मी म्हटलं, "बांधणारी तिथे उभी आहे."

त्यांनी टोक ओढलं. चौदा इंच रिबीन एका सुराने सुटली. ओसरीभर गप्पा मारणाऱ्या अकरा बायकांच्या तोंडून एकदम 'हाय हाय' निघालं, दुधाचं पातेलं उतू गेल्यासारखं. खानोलकरांनी आधी रिबीन बोटाभोवती नीट गुंडाळली, पेनाशेजारी खिशात ठेवली, आणि मग कार्ड उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. केमिस्ट लोक एका मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत. मी टाचा उंचावल्या, खराडेवहिनींनी माझ्या खांद्यावरून मान काढली, पण त्यांनी कार्ड छातीशी धरलं होतं. मग मिटलं. चेहऱ्यावर काय होतं ते सांगू? त्या बरणीतले साखरेचे खडे उन्हात धरले तर जसे दिसतात तसं काहीतरी.

"ड्रायव्हर, पाच मिनिटं," ते म्हणाले आणि जीपमधून उतरले.

कडुनिंबाखाली काय बोलणं झालं ते कुणालाच ऐकू आलं नाही. आजींनी दोनदा विचारलं, "काय म्हणतत?" मी त्यांना म्हटलं, "तुमचं कार्ड पोचलं, आजी." पाच मिनिटांची बावीस झाली. हे मी अंदाजाने सांगत नाही. आमच्या ह्यांनी जीपच्या रजिस्टरात लिहिलंय: सुटण्यास विलंब बावीस मिनिटं, कारण रिबीन.

खानोलकर त्याच जीपने गेले आणि मुंबईला दोघांचं बोलून आले. मार्गशीर्षात लग्न झालं. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलं होतं. तरी एक्केचाळीस कार्डं आली, सगळी लाल, सगळी बांधलेली, सगळ्यांच्या बोखाली चिठ्ठ्या. चांदीची वाटी मला पदरची द्यावी लागली. ती मी खानोलकर आजींना दिली. कार्डाला सगळ्यात जास्त फिरवलं त्यांनी, म्हणून. देशमानेबाई त्यानंतर वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलल्या.

तीन वर्षांनी ती दोघं आफ्रिकेहून परत आली, पुढे दोन-तीन कारखाने फिरली आणि आता वेंगुर्ल्याजवळ घर बांधून राहतात. गेल्या महिन्यात मी आठ दिवस त्यांच्याकडे होते. हॉलमध्ये शोकेस आहे, आणि त्यात एक पितळी घोडा, देशमानेबाईंचाच, लग्नातला आहेर. घोड्याशेजारी ते कार्ड. बांधलेलं. खानोलकर मुंबईहून परतल्यावर वन्संनी ती रिबीन त्यांच्या खिशातून काढून कार्डाला पुन्हा बांधली होती, एवढं मला माहीत होतं. पोपटीचा आता रसवंतीतल्या रसासारखा फिकट रंग झालाय, पण पाकळ्या तशाच.

गुरुवारी सकाळी ती दोघं बाजारात गेली. घरात मी एकटी. चौतीस वर्षं झाली. माझ्या वहीत त्या कार्डाच्या नोंदीपुढे 'आत काय' असं लिहिलंय आणि पुढे कोरं आहे. संबंध वहीत तेवढीच एक जागा कोरी. वन्संना मी किती वेळा विचारलं, आडून, उभ्याने, आजारपणात, हळव्या क्षणी. दर वेळी एकच उत्तर: ते कार्डात आहे.

काच सरकवायला सोपी होती. कार्ड हातात घेतलं. दोन बोटांवर वेढा, मधून फास, हलका ओढा. एवढी वर्षं बघून बघून मला पाठ झालंय, बांधता येईलच की. मी टोक चिमटीत धरलं, तेव्हा फासाखाली काहीतरी दिसलं. घडी घातलेला बारीक कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. चिठ्ठी.

मी ती ओढून काढली. वन्संचं अक्षर, खाली तारीख. त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची.

'वहिनी, सोडू नकोस. तुझा भेंडीसारखा होतो.'

मी पर्समधून पेन्सिल काढली, चिठ्ठीवर तारखेखाली लिहिलं, 'पोचली. सौ. सामंत', घडी होती तशी घातली, फासाखाली होती तिथे खोचली आणि काच लावून टाकली.